व्हिटॅमिन डीचे थेंब: बाटलीवरचा आकडा आधी वाचा

फक्त अंगावर पिणाऱ्या बाळाला जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांपासून वर्षाचे होईपर्यंत रोज 400 युनिट व्हिटॅमिन डी द्यावे लागते. आईचे दूध उत्तमच, पण त्यात हे एक जीवनसत्त्व फार थोडे उतरते. आईलाच कमतरता असेल तर आणखी कमी.

घोळ होतो तो मापात. बाजारात एका मिलिला 400 युनिटची बाटली मिळते, तशीच 800 युनिटचीही. पहिलीतून 1 मिलि द्यायचे, दुसरीतून अर्धाच. काही औषधांत तर एका थेंबातच 400 युनिट असतात. त्यामुळे नवी बाटली आणली की आकडा पुन्हा वाचा आणि तिच्यासोबतचाच ड्रॉपर वापरा. थेंब गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडा. वाटीभर दुधात मिसळू नका. दूध उरले की डोसही उरतो. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नका. सतत जास्त गेले तर रक्तातले कॅल्शियम वाढते: उलट्या, बद्धकोष्ठता, दूध नकोसे होणे.

आणि सकाळचे कोवळे ऊन? सूर्य खाली असताना त्यात उपयोगी किरण अगदी कमी असतात, खिडकीच्या काचेतून तर जवळजवळ येतच नाहीत. त्या भरवशावर थेंब बंद करू नयेत.

मनगटे रुंद दिसणे, बरगड्यांवर गाठी, पाय वाकणे ही मुडदुसाची, म्हणजे व्हिटॅमिन डी कमी पडून हाडे मऊ होण्याच्या आजाराची लक्षणे, डॉक्टरांना दाखवा. झटका (फिट) आला तर थेट रुग्णालय.