नववीला विज्ञानाचे शब्द शिकवताना आधी सोपे शब्द पकडा

सगळ्यांना वाटतं पोरं प्रकाशसंश्लेषण, अपस्करण असल्या लांबलचक शब्दांना अडतात, पण माझा अनुभव उलटा आहे, ते शब्द ती घोकून टाकतात, खरी गोची होते ती घरात रोज वापरल्या जाणाऱ्या शब्दांची. बल, शक्ती, ऊर्जा, घरी हे तिन्ही म्हणजे ताकदच की! चाल आणि वेगाचं तर विचारूच नका.

म्हणून एका धड्याला 5-6 शब्दच घ्यायचे आणि व्याख्या फळ्यावर लिहायच्या आधी विचारायचं, हा शब्द कुठे ऐकलाय? विस्थापन म्हटलं की कोणीतरी धरणग्रस्त म्हणतंच. चालेल, तिथूनच सुरुवात करा, जुनं गाव ते नवं गाव सरळ रेषेत किती लांब. मग एकाला मैदानाला पूर्ण चक्कर मारायला लावा, निघाला तिथेच परत. समजा चक्कर 200 मीटरची, तर अंतर 200 मीटर आणि विस्थापन शून्य. "म्हणजे सर मी फुकटच पळालो?" हा प्रश्न हमखास येतो, तो आला की व्याख्या सांगायची, आधी नाही.

शक्तीसाठी दप्तर घेऊन जिना चढायला लावा, एकदा सावकाश, एकदा पळत. दप्तर तेवढंच, जिना तोच, म्हणजे दप्तर वर न्यायचं कार्य तेवढंच, पण दुसऱ्यांदा वेळ कमी लागला म्हणून शक्ती जास्त.

लांब शब्द मात्र फोडून सांगा. संश्लेषणातला श्लेष म्हणजे चिकटणं, मिठी. मराठीच्या तासाला श्लेष अलंकार असतो, शेतकऱ्याच्या पोरांनी आश्लेषाचा पाऊस ऐकलेला असतो, त्या नावातपण तेच. सम् म्हणजे एकत्र, म्हणून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड उजेडाच्या जोरावर जोडून ग्लुकोज. विश्लेषण म्हणजे उलट, सुटं करणं, तोही शब्द फुकटात मिळाला. पण प्रत्येक शब्दाचं असं करत बसलात तर तास संपेल हां.

वहीत शब्द, आपल्या बोलीत अर्थ आणि शेवटी 'हे नव्हे' असा रकाना करून घ्या. बल म्हणजे ढकलणं किंवा ओढणं, अंगातली ताकद नव्हे. माझ्या मते सगळ्यात कामाचा रकाना हाच. सेमी-इंग्रजीची (विज्ञान-गणित इंग्रजीतून शिकणारी) पोरं असली तर चालीशेजारी स्पीड, वेगाशेजारी व्हेलॉसिटी पण लिहू द्या.

दोन दिवसांनी, मग आठवड्याने शब्दांच्या चिठ्ठ्या काढून तोंडी वाक्य करायला लावायचं, आणि वाक्य पुस्तकातलं असलं तर चिठ्ठी परत डब्यात.