पेशीवर चिकटलंय की आत गेलंय? आधी बर्फ आणा

चमकणारा डाय लावलेलं प्रोटीन घातलं आणि पेशी हिरवीगार चमकली म्हणजे ते आत गेलं, असं धरून मी एक आख्खा महिना घालवला, मग गाइडने एकच विचारलं, "४ डिग्रीची प्लेट कुठेय?" म्हणजे तुलनेसाठी थंडीत ठेवलेली, आणि त्या दिवशी वाशीहून ठाण्यापर्यंत लोकलमध्ये मी गप्प बसून होतो.

तर शिकायला कॉलराच्या टॉक्सिनचा नुसता बी भाग घ्या. विषारी काम ए भागाचं, बी फक्त पेशीच्या पडद्यावरच्या जीएम१ या स्निग्ध रेणूला घट्ट धरतो, आणि तो अलेक्सा फ्लुअर ४८८ हा हिरवा चमकणारा डाय लावलेला विकत मिळतो. एफआयटीसी हा दुसरा हिरवा डाय लावलेला टाळा, एंडोसोममध्ये, म्हणजे पेशीने आत घेतलेला माल ज्या पिशवीत जातो तिथे, आम्ल असतं, तिथे तो स्वतःच मंद होतो आणि तुम्ही म्हणता काही आत गेलंच नाही.

व्हेरो पेशींच्या (माकडाच्या मूत्रपिंडातल्या, लॅबमध्ये वाढवतात त्या) दोन प्लेट घ्या. दोन्ही बर्फावर, थंड मीडियात १ मायक्रोग्रॅम प्रति मिली बी घालून अर्धा तास. मीडियात हेपेस हा पीएच टिकवणारा बफर हवाच, कारण इन्क्युबेटरबाहेर कार्बन डायऑक्साइड नाही, मीडिया जांभळट झाला की समजा पीएच गेला. थंडीत प्रोटीन चिकटतं पण एंडोसायटोसिस (पडदा आत वळवून बाहेरचं आत घेणं) थांबतं, सगळा खेळ त्यावर आहे. मग थंड पीबीएसने (मिठाच्या बफरने) ३ धुणी, एक प्लेट अर्धा तास ३७ डिग्रीला आणि दुसरी बर्फावरच ठेवा. मे महिन्यात इकडे थर्माकोलच्या डब्यातला बर्फ बघता बघता पाणी होतो, त्यामुळे दुप्पट आणा आणि प्लेट बर्फाच्या चुऱ्यात नीट रुतवा, नुसती वर ठेवली की तळ गरम राहतो.

आता दोन्ही प्लेटमध्ये ट्रायपान ब्लू हा निळा डाय घाला. जिवंत पेशीत तो शिरत नाही, बाहेर चिकटलेल्याचा उजेड तेवढा विझवतो. म्हणून बर्फाची प्लेट जवळजवळ काळी व्हायला हवी, ती काळी होत नसेल तर ३७ च्या प्लेटकडे बघूच नका, एकतर क्वेंचिंग (उजेड विझवणं) कमी पडतंय नाहीतर थंडी. काळी झाली की ३७ वाली बघा, केंद्रकाजवळ जे ठिपके उरले ते आत गेलेलं. ट्रायपान स्वतः लाल चमकतो हां, दुसरा डाय लाल घेऊ नका.

आणि हे सगळं जिवंत पेशींतच बघा. काही प्रोटीन फिक्स करताना (रसायनाने पेशी मारून जागच्या जागी गोठवताना) पडद्यावरून सुटून आत पसरतात, टॅट पेप्टाइडच्या (एचआयव्हीच्या एका प्रोटीनचा, पेशीत शिरणारा छोटा तुकडा) बाबतीत हा घोळ २००३ मध्ये उघडकीला आला होता.

यानंतर डायनासोर, म्हणजे तो प्राणी नाही, डायनामिन (एंडोसायटोसिसमध्ये पडद्याची पिशवी तोडून सुटी करणारं प्रोटीन) अडवणारं डायनासोर हे रसायन, ते घालून परत मोजा. पण ते ज्यात विरघळवतात ते नुसतं डीएमएसओ घातलेली एक प्लेट सोबत ठेवा.