फार्मसी इन्फॉर्मॅटिक्समध्ये करिअर कसं करावं: आधी तीनशे औषधांचा ड्रग मास्टर बांधा

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर संगणकावर औषध निवडतात, सिस्टर त्यावरून डोस देतात, फार्मसीतून माल सुटतो आणि बिलिंगला रक्कम लागते. चारही ठिकाणी एकच यादी उघडत असते आणि तिच्यातली एक चूक चारही ठिकाणी पोचते. ती यादी म्हणजे ड्रग मास्टर. ती, तिच्यावर चालणारे नियम आणि ती दुसऱ्या सॉफ्टवेअरशी जोडणारी व्यवस्था सांभाळणं म्हणजे फार्मसी इन्फॉर्मॅटिक्स. नोकरीच्या जाहिरातींत या नावाने शोधलंत तर फार काही हाती लागणार नाही. ‘फार्मसी मॉड्यूल कन्सल्टंट’, ‘क्लिनिकल इम्प्लिमेंटेशन’, ‘हेल्थकेअर बिझनेस अ‍ॅनालिस्ट’ असं शोधा.

डी.फार्म., बी.फार्म. किंवा फार्म.डी. आणि राज्य फार्मसी कौन्सिलची नोंदणी हे धरून चालू. नोंदणीचं नूतनीकरण मात्र आयटीत गेल्यावरही चुकवू नका. ‘नोंदणीकृत फार्मासिस्ट’ ही ओळखच तुम्हाला इतर सॉफ्टवेअरवाल्यांपासून वेगळं काढते.

पहिली पायरी: हॉस्पिटल फार्मसीत दीड-दोन वर्षं

मेडिकल स्टोअरमध्ये नाही, हॉस्पिटलमध्ये. वॉर्डचा इंडेंट म्हणजे मागणीपत्र, पेशंट सुटल्यावर परत येणारी औषधं, आणीबाणीच्या गाडीतला (क्रॅश कार्टमधला) साठा, रात्री दोनला लागणारं इंजेक्शन आणि त्याची दुसऱ्या दिवशी होणारी नोंद हे सगळं हाताखालून गेलं पाहिजे.

दुसरी पायरी: एक्सेल आणि एसक्यूएल

पिव्हट टेबल, लुकअप, आणि एसक्यूएल या डेटाबेसमधून माहिती काढायच्या भाषेत सिलेक्ट, जॉइन, ग्रुप बाय. दोन महिन्यांत येतं. पायथन नंतर शिका. मशिन लर्निंगच्या महागड्या कोर्सला या टप्प्यावर पैसे घालू नका. पहिल्या नोकरीत त्याचा उपयोग होत नाही.

तिसरी पायरी: ड्रग मास्टर

बहुतेक जण इथेच अडतात, कारण हे काम डेटा एंट्रीसारखं दिसतं आणि तसंच उरकलं जातं. पुरवठादाराच्या बिलांतून नावं उचलून भरलेला मास्टर बहुतेक वेळा सहा महिन्यांत कुजतो: एकच औषध पाच स्पेलिंगांनी येतं, साठा जुळत नाही आणि डॉक्टर यादीतून निवडायचं सोडून रिकाम्या चौकटीत हाताने टाइप करू लागतात. तिथून पुढे अ‍ॅलर्जीचा इशारा, डोसची तपासणी, काहीच चालत नाही. म्हणून नोकरी शोधण्याआधी स्वतःच्या लॅपटॉपवर तीनशे नगांचा मास्टर बांधा. तीन हजारांचा नको. तीनशेत सगळे अवघड प्रकार येतात. कच्चा माल उघड उपलब्ध आहे: २०२२ची राष्ट्रीय आवश्यक औषध यादी, तिच्यात ३८४ औषधं आहेत, आणि जनऔषधी केंद्रांची उत्पादन यादी.

मास्टरचे तीन थर ठेवा. पहिला थर घटकाचा: पॅरासिटामॉल. दुसरा घटक, ताकद आणि प्रकार मिळून: पॅरासिटामॉल ५०० मि.ग्रॅ. गोळी. तिसरा ब्रँड आणि पॅकचा: अमुक कंपनीची पंधराची स्ट्रिप. डॉक्टरांनी लिहायचं दुसऱ्या थरातून, खरेदी आणि साठा तिसऱ्यावर, अ‍ॅलर्जी आणि इंटरअ‍ॅक्शन पहिल्यावर. तिन्ही गोष्टी एका तक्त्यात कोंबल्या की ब्रँड संपला म्हणून ऑर्डरच अडकते. ‘आमचं सॉफ्टवेअर एकच थर देतं’ असं कोणी म्हटलं तरी एक्सेलमध्ये तीन थर ठेवा आणि त्यातून एक थर काढून द्या. एका थराचे पुन्हा तीन करायचे तर सगळी यादी नव्याने वाचावी लागते.

ताकदीच्या रकान्यात सगळ्यात जास्त सावध राहा. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिडला सगळे ‘६२५’ म्हणतात, पण ती ५०० अधिक १२५ची बेरीज आहे. मुलांच्या सिरपवरचे २२८.५ मि.ग्रॅ. म्हणजे ५ मि.लि.मध्ये २०० अधिक २८.५. मुलाचा डोस अमॉक्सिसिलिनवर काढतात. सॉफ्टवेअरला भागाकारासाठी २२८.५ दिलेत तर मूल प्रत्येक वेळी कमी औषध घेईल आणि कोणाच्या लक्षातही येणार नाही. संयुक्त औषधात प्रत्येक घटकाची ताकद वेगळ्या रकान्यात लिहा. बेरजेचा आकडा फक्त शोधण्यासाठी, टोपणनाव म्हणून ठेवा. तो काढून टाकू नका, कारण डॉक्टर शोधताना ६२५च टाइप करतात.

द्रव औषधांत ताकद नेहमी दोन आकड्यांत: किती मि.ग्रॅ., किती मि.लि.मध्ये. पॅरासिटामॉलची ५ मि.लि.त १२५ आणि ५ मि.लि.त २५० अशी दोन सस्पेन्शन मिळतात आणि तान्ह्यांचे थेंब १ मि.लि.त १०० मि.ग्रॅ. असतात. दहा किलोच्या मुलाला किलोमागे १५ प्रमाणे १५० मि.ग्रॅ. द्यायचे तर पहिल्याचे ६, दुसऱ्याचे ३ आणि थेंबांचे १.५ मि.लि. होतात. तिन्ही नगांचं नाव नुसतं ‘पॅरासिटामॉल लिक्विड’ ठेवलंत आणि ६ मि.लि. थेंब गेले, तर डोस चौपट झाला.

इन्सुलिनला तर दोन वेगळे नग केल्याशिवाय पुढे जाऊच नका. आपल्याकडे १० मि.लि.च्या कुप्या बऱ्याचदा १ मि.लि.ला ४० युनिटच्या असतात आणि पेनची ३ मि.लि. कार्ट्रिज १०० युनिटची. १०० युनिटचं इन्सुलिन ४०च्या, लाल टोपीच्या सिरिंजमध्ये २०च्या खुणेपर्यंत ओढलं तर पेशंटला ५० युनिट जातात. ही ताकद नावातच दिसली पाहिजे, तिसऱ्या स्क्रीनवर लपलेली चालणार नाही.

क्षारांचंही तेच. मेटोप्रोलॉल या रक्तदाबाच्या औषधाचे सक्सिनेट आणि टार्ट्रेट हे क्षार वेगळे, साधी गोळी आणि हळूहळू सुटणारी वेगळी. सक्सिनेटच्या स्ट्रिपवर ४७.५ आणि ‘५०च्या समतुल्य’ असे दोन आकडे छापलेले असतात. कोणता धरायचा हे लेखी ठरवा आणि सगळीकडे तोच पाळा.

मग एकक. प्रत्येक नगाला चार एककं लागतात: खरेदीचं, साठ्याचं, लिहिण्याचं आणि डोसचं. खोका, स्ट्रिप, गोळी, मि.ग्रॅ. वॉर्डने ‘१०’ मागितले आणि दहा गोळ्यांऐवजी दहा स्ट्रिप गेल्या, हा गोंधळ एककं न बांधल्यामुळे होतो. पोटॅशियम क्लोराइडचं १५ टक्क्यांचं १० मि.लि. अ‍ॅम्प्यूल घ्या: डॉक्टर मिलिइक्विव्हॅलंट या क्षार मोजण्याच्या एककात लिहितात, कपाटात अ‍ॅम्प्यूल असतं. एका अ‍ॅम्प्यूलमध्ये दीड ग्रॅम, साधारण २० मिलिइक्विव्हॅलंट. हे रूपांतर मास्टरमध्ये नसेल तर रात्रपाळीची सिस्टर ते डोक्यात करते, आणि हे औषध तसं करण्याचं नाही. त्याला ‘हाय अलर्ट’ची खूण आणि दोघांच्या तपासणीची अट लावा.

आता कोड. ए.टी.सी. हा जागतिक आरोग्य संघटनेचा कोड औषधांच्या वर्गीकरणाचा आहे, ओळखीचा नाही. पॅरासिटामॉलची गोळी, सिरप, इंजेक्शन सगळ्यांना एन०२बीई०१च पडतो. उलट मेट्रोनिडॅझोलचं इंजेक्शन जे०१एक्सडी०१मध्ये आणि तोंडाने घ्यायची गोळी पी०१एबी०१मध्ये जाते. म्हणून हा कोड दुसऱ्या थराला लावा, पहिल्याला नाही. ओळखीसाठी स्नोमेड सीटी ही वैद्यकीय संज्ञांची आंतरराष्ट्रीय कोड-यादी वापरा. भारत २०१४मध्ये सदस्य झाल्यापासून ते इथे विनामूल्य आहे. पुण्याच्या सी-डॅकमधलं राष्ट्रीय ईएचआर (इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदी) मानक केंद्र त्यावर आधारलेले भारतीय औषधांचे समान कोड प्रसिद्ध करतं. ते उतरवून घ्या आणि तीनशेच्या तीनशे नग हाताने जुळवा. आपोआप जुळणी करणाऱ्या साधनांवर विसंबू नका. वर सांगितलेल्या क्षार आणि ताकदीच्या जागीच ती फसतात.

कायद्याच्या खुणा: औषध नियमांतल्या एच, एच१, एक्स या अनुसूची आणि अंमली पदार्थ. एच१ची वेगळी नोंदवही तीन वर्षं ठेवावी लागते, एक्सचं प्रिस्क्रिप्शन दोन प्रतींत असतं आणि एक प्रत दोन वर्षं जपावी लागते. खूण बरोबर असेल तर ही नोंदवही सॉफ्टवेअरमधून आपोआप निघते.

आणि काहीही पुसू नका. बंद झालेला नग निष्क्रिय करा, नाहीतर जुन्या पेशंटच्या नोंदीत भोकं पडतात. किंमत आणि कराला ‘कधीपासून’ ही तारीख लावा. २२ सप्टेंबर २०२५ला बहुतेक औषधांचा जीएसटी १२वरून ५ टक्क्यांवर आला. ज्यांनी कराचा जुना आकडा खोडून त्यावर नवा लिहिला, त्यांना आधीच्या बिलांचा परतावा काढताना हिशेब लागत नाही.

शेवटी पंचवीस खोटी प्रिस्क्रिप्शन लिहा, वरचा प्रत्येक सापळा त्यांत घाला आणि दुसऱ्या फार्मासिस्टकडून तपासून घ्या. स्वतःची यादी स्वतः तपासू नका. डोळा चूक ओलांडून जातो. खऱ्या पेशंटचा डेटा यात अजिबात वापरू नका, नाव खोडूनसुद्धा नाही. २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, शिवाय मुलाखतीत असला डेटा दिसला की समोरचा माणूस तुम्हाला तिथेच बाद करतो, आणि बरोबर करतो.

चौथी पायरी: मानकं

मानकं म्हणजे दोन सॉफ्टवेअरनी एकमेकांना माहिती पाठवायचे ठरलेले साचे. जुन्या यंत्रणांत एचएल७ व्हर्जन २चे निरोप चालतात: आरडीई म्हणजे औषधाची ऑर्डर, आरडीएस म्हणजे दिलेला माल. नव्यात त्याच एचएल७चं फायर (FHIR) आर४. त्यातले ‘मेडिकेशन रिक्वेस्ट’ आणि ‘मेडिकेशन डिस्पेन्स’ वेगळे का, हे स्वतःच्या शब्दांत सांगता आलं पाहिजे: डॉक्टरांनी लिहिलेलं आणि काउंटरवरून प्रत्यक्ष गेलेलं नेहमी एकच नसतं. आपल्या मास्टरमधले दहा नग फायरमध्ये लिहून एखाद्या सार्वजनिक चाचणी सर्व्हरवर चढवा. आयुष्मान भारत डिजिटल मिशनच्या सँडबॉक्सचे, म्हणजे चाचणी व्यवस्थेचे, टप्पेही समजून घ्या: पहिल्यात पेशंटचा १४ आकडी आभा आरोग्य क्रमांक तयार करणं आणि पडताळणं, दुसऱ्यात नोंदी जोडणं, तिसऱ्यात संमतीने दुसरीकडच्या नोंदी मागवणं.

पाचवी पायरी: नोकरी आणि गो-लाइव्ह

हॉस्पिटल सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत इम्प्लिमेंटेशनची, म्हणजे हॉस्पिटलात सॉफ्टवेअर बसवून चालू करून देण्याची, जागा मागा, सपोर्टची नाही. सोबत तो मास्टर आणि पंचवीस चाचण्यांचा निकाल न्या. गो-लाइव्हच्या, म्हणजे सॉफ्टवेअर प्रत्यक्ष चालू करण्याच्या, आदल्या रात्री साठा बॅच आणि एक्स्पायरीसह मोजा, नुसती संख्या पुरत नाही. वीज किंवा नेटवर्क गेलं तर वापरायचे कागदी फॉर्म छापून प्रत्येक वॉर्डात ठेवा. इशारे मोजके ठेवून सुरुवात करा: अ‍ॅलर्जी, तेच औषध दोनदा आणि गंभीर इंटरअ‍ॅक्शन. पहिल्याच दिवशी सगळे चालू केलेत तर डॉक्टर न वाचता बंद करायला शिकतात, आणि ती सवय पुढे मोडत नाही.

सहावी पायरी: कन्सल्टिंग

तीन-चार हॉस्पिटलं सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालू करून दिल्याशिवाय स्वतःची पाटी लावू नका. करारात चार गोष्टी लिहून घ्या: किती नग, जुना डेटा कोण साफ करणार, वैद्यकीय मंजुरीची सही कोणाची आणि नंतर नवा नग कोण घालणार. सही हॉस्पिटलच्या औषध समितीचीच हवी. मास्टरची सफाई ‘पॅकेजमध्ये फुकट’ देऊ नका. सर्वाधिक तास तिथेच जातात.

परदेशासाठी दोन इशारे. एपिक या अमेरिकी हॉस्पिटल सॉफ्टवेअरच्या विलो या फार्मसी मॉड्यूलचं प्रमाणपत्र हॉस्पिटल किंवा कंपनीने पाठवल्याशिवाय मिळत नाही, तेव्हा ते थेट विकणाऱ्या क्लासला पैसे देऊ नका. आणि अमेरिकेत फार्मासिस्ट म्हणून परवाना हवा असेल तर २००३पासून पदवीधर झालेल्यांना पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो: चार वर्षांचं बी.फार्म. त्यात बसत नाही, फार्म.डी. बसतं.