मुली प्रवेश घेतात, पण टिकत नाहीत? विज्ञान-अभियांत्रिकी विभागांनी या चुका टाळाव्यात

प्रवेशयादीत मुलींचा आकडा वाढला की विभाग निश्चिंत होतो. गळती मात्र पहिल्याच सत्रात, प्रॅक्टिकलच्या टेबलापाशी सुरू होते.

सर्वांत मोठी चूक गट पाडताना होते. चौघांच्या प्रत्येक गटात एकेक मुलगी वाटून टाकली जाते. दिसायला न्याय्य, पण एकटी पडलेली मुलगी गप्प बसते. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट शाखेत अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनींवर केलेला प्रयोग 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चौघांत तीन मुली असलेल्या गटातल्या मुली एकट्या मुलीपेक्षा जास्त बोलल्या. म्हणून, निदान पहिल्या वर्षी, गटात दोन किंवा तीन मुली ठेवा. काही गटांत एकही मुलगी नसली तरी चालेल.

गट नीट पडला तरी कामे आपोआप ठरतात: तिचे अक्षर चांगले, म्हणून जर्नल तिच्याकडे, ऑसिलोस्कोपची (विद्युत लहरी पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राची) बटणे गटातल्या मुलाकडे. सत्र संपते तेव्हा तिने सर्किट एकदाही जोडलेले नसते, आणि व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, नेमके तेच विचारतात. जोडणी, मापन, नोंदी, आकडेमोड अशा चार कामांचा तक्ता भिंतीवर लावा आणि दर प्रॅक्टिकलला नावे एक घर पुढे सरकवा. शिक्षकाने तक्ता तपासला नाही तर तिसऱ्या आठवड्यात सगळे पूर्ववत होते.

प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या वर्गात आधीपासून कोड लिहिणारे तीन-चार जण सगळी उत्तरे देतात. नवख्यांना वाटते, आपल्यात ती बुद्धीच नाही. अमेरिकेतल्या हार्वी मड कॉलेजने 2006च्या सुमारास पूर्वानुभवानुसार तुकड्या वेगळ्या केल्या आणि पहिला अभ्यासक्रम नव्याने बांधला. संगणकशास्त्रातले मुलींचे प्रमाण काही वर्षांत सुमारे 10 टक्क्यांवरून 40 टक्क्यांवर गेले. मात्र दोन्ही तुकड्यांची अंतिम पातळी एकच हवी. एकीला ‘सोपी तुकडी’ म्हटले की सगळे फसले.

ड्रॉइंगमध्ये वस्तू मनात फिरवून पाहणे जमत नसेल तर ‘उपजतच नाही’ म्हणून सोडू नका. अमेरिकेतल्या मिशिगन टेक विद्यापीठात प्राध्यापक शेरिल सॉर्बी यांनी 1993 पासून यासाठी सराववर्ग चालवला. ठोकळे हातात घेऊन त्यांची चित्रे काढली की हे कौशल्य वाढते, मुलांचेही.

आत्मविश्वास शिबिरांवर खर्च करण्याआधी वर्कशॉपचे कपाट उघडून पाहा. हातमोजे, सेफ्टी शूज फक्त मोठ्या मापाचे असतील तर वर्कशॉपमध्ये काम करणे धोक्याचेच. महिलांचे स्वच्छतागृह दोन मजले खाली असेल तर लांबलेल्या प्रॅक्टिकलमधून बाहेर जाणे टाळण्यासाठी मुली पाणी पिणे कमी करतात.

आणि तक्रार. गुण, शिफारसपत्र आणि प्रयोगशाळेची किल्ली एकाच मार्गदर्शकाच्या हातात असेल तर त्याच्याविरुद्ध कोण बोलणार? पहिल्या दिवसापासून दुसरा मार्गदर्शक नेमा. तक्रार आल्यावर नेमलात तर कोण बोलले ते सगळ्या विभागाला कळते.