आजीच्या हिरड्यांतून रक्त येतंय? घरी काय करायचं, कसं करायचं

ब्रश केल्यावर थुंकीत रक्त दिसलं की म्हातारी माणसं ब्रशच बाजूला ठेवतात. माझ्या आजीनंही तेच केलं. तीन आठवडे नुसती चूळ. वर म्हणायची, "आता वय झालं, दात जायचेच." पण दात वयामुळे पडत नाहीत. हिरडीच्या कडेला जिवाणूंचा चिकट थर रोज बसतो. तो राहिला की लाळेतल्या क्षारांनी कडक होऊन त्याचं किटण होतं. हिरडी सुजते, पुढे आतलं हाड झिजतं आणि दात हलायला लागतात. रक्त येतंय म्हणजे ब्रश हलक्या हातानं, पण नेमानं करायचा.

आधी तोंड बघा. सकाळी ओसरीवर उजेडात बसवा, बोटानं ओठ वर करा, मोबाइलचा टॉर्च लावा. हिरडी दाताला घट्ट बसलेली हवी. सावळ्या माणसाच्या हिरडीवर काळसर पट्टे असतात, त्याची काळजी नको. लाल, फुगीर, चकचकीत कड म्हणजे सूज. मिश्री लावणाऱ्या बायकांच्या बाबतीत मात्र फसगत होते. तंबाखूनं रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आतून हिरडी खराब होत असली तरी रक्त फारसं दिसत नाही. गालात पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकली, तर लगेच दाखवा.

मग ब्रश. मऊ केसांचा घ्या. राखुंडी, मीठ, विटेची भुकटी बंद. त्यानं दात झिजतात. फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. ब्रश हिरडीकडे तिरपा धरायचा, केस हिरडी आणि दाताच्या सांध्यावर टेकवायचे आणि जागच्या जागी बारीक हलवायचे. दोन मिनिटं, दिवसातून दोनदा. रात्रीचा ब्रश चुकवू नका. कालवणात कुस्करलेली मऊ भाकर दातांना चिकटून राहते, आणि झोपेत लाळ कमी सुटते.

आजीची बोटं संधिवातानं वळत नव्हती. सायकलच्या हँडलची जुनी रबरी मूठ ब्रशच्या दांड्याला घट्ट बसवून दिली, तेव्हा तिला तो धरता आला. दहा-बारा दिवसांत रक्त थांबलं.

फटीत अडकलेलं काढायला सेफ्टीपिन किंवा तुराटीची काडी नको. औषधाच्या दुकानात फटींसाठीचा बारीक ब्रश मिळतो.

कवळी असेल तर रात्री काढा, ब्रशनं घासा, साध्या पाण्यात ठेवा. उकळतं पाणी नको, कवळी वाकते. कवळीखालची हिरडी आणि टाळू ओल्या मऊ कापडानं पुसा.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं तोंड सर्वात आधी विसरलं जातं, आणि तिथंच धोका जास्त. तोंडातले जिवाणू लाळेबरोबर फुफ्फुसात उतरले की न्यूमोनिया होऊ शकतो. डोकं उंच करा, कुशीवर वळवा, गालाखाली टॉवेल घ्या. ब्रश जेमतेम ओला करा, थोड्या पेस्टनं घासा, फेस कापडानं टिपून घ्या. तोंडात पाणी ओतू नका.

साखरेचा आजार असेल तर हिरड्या लवकर बिघडतात, आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आवरत नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी हिरडी वाढते, काहींनी तोंड कोरडं पडतं. गोळ्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. दिवसभर घोट घोट पाणी द्या.

दोन आठवडे नीट घासूनही रक्त थांबलं नाही, पू आला, दात हलला, तर दातांच्या डॉक्टरकडे न्याच. "मशीननं साफ केल्यावर दात हलतात" हे गावोगाव ऐकू येतं. दात आधीच सैल झालेले असतात. किटण निघतं, सूज उतरते, फट उघडी पडते, म्हणून तसं वाटतं. छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. जाताना चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत घ्या, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तपासणीआधीच सांगा.