जुन्या हार्ड डिस्कसोबत एसएसडी बसवताय? या चुका टाळा

जुन्या मशीनला एसएसडी (आत काहीही फिरत नसलेली, चिपवर चालणारी वेगवान डिस्क) लावली की ते पळायला लागतं, हे आता लातूर-नांदेडच्या प्रत्येक डीटीपीवाल्याला आणि ई-सेवा केंद्र चालवणाऱ्याला माहीत आहे. एसएसडीवर विंडोज, आणि जुन्या 1 टीबीच्या हार्ड डिस्कवर फोटो, स्कॅन, गिऱ्हाइकांच्या फाइली, ही विभागणी अगदी योग्य आहे. नंतर तक्रारी येतात त्यातल्या फार थोड्या एसएसडीच्या दोषामुळे असतात. बहुतेक बसवतानाच्या घाईमुळे असतात.

हार्ड डिस्क जोडलेली ठेवूनच विंडोज टाकणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. विंडोजच्या इन्स्टॉलरला दुसऱ्या डिस्कवर आधीचं ईएफआय पार्टिशन (मशीन सुरू करणाऱ्या फाइलींसाठी राखलेला डिस्कचा छोटा भाग) सापडलं, तर तो बूटच्या फाइली तिथेच टाकतो. म्हणजे विंडोज एसएसडीवर, पण ते सुरू करणाऱ्या फाइली जुन्या हार्ड डिस्कवर. कित्येक महिने काहीच जाणवत नाही. मग एके दिवशी हार्ड डिस्क खराब होते किंवा कुणी ती काढतं, आणि चांगली एसएसडी असूनही स्क्रीनवर बूट डिव्हाइस नसल्याचा संदेश येतो.

म्हणून मशीन बंद करा, प्लग काढा, हार्ड डिस्कची साटा डेटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी) सोडवा, मगच विंडोज टाका. एकदोनदा नीट सुरू झालं की मशीन पुन्हा बंद करून केबल लावा.

विंडोज आधीच टाकलं असेल तर विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट उघडा. एसएसडीच्या ओळीत साधारण 100 एमबीचं ‘ईएफआय सिस्टिम पार्टिशन’ दिसायला हवं. ते फक्त हार्ड डिस्कच्या ओळीत असेल तर त्या डिस्कला हात लावू नका. आधी महत्त्वाच्या फाइलींचा बॅकअप घ्या. मग सी ड्राइव्ह 300 एमबीने श्रिंक (लहान) करा, डिस्कपार्टमध्ये (विंडोजचं कमांडने चालणारं पार्टिशनचं साधन) त्या जागेत ईएफआय प्रकारचं पार्टिशन करा, फॅट32 मध्ये फॉरमॅट करा आणि त्याला एखादं मोकळं अक्षर द्या. त्यानंतर अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये बीसीडीबूट (बूटच्या फाइली नव्याने टाकणारी कमांड) चालवा: आधी सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरचा पत्ता, ‘/एस’ नंतर नव्या पार्टिशनचं अक्षर, ‘/एफ’ नंतर यूईएफआय (टाइप अर्थातच इंग्रजीत). शेवटी हार्ड डिस्कची केबल काढून मशीन सुरू होतं का ते बघा. ही चाचणी झाल्याशिवाय जुनं काही पुसू नका.

एम.2 म्हणजे एनव्हीएमई असं धरून चालणं

एम.2 हा फक्त पट्टीसारख्या एसएसडीचा आकार आहे; आतून ती वेगवान एनव्हीएमई असू शकते किंवा जुन्या साटा पद्धतीची. दोन्ही पट्ट्या दिसायला सारख्याच. एनव्हीएमईच्या टोकाला बहुधा एकच खाच असते, साटावाल्या एम.2 ला दोन. स्लॉटमध्ये पट्टी बसली म्हणजे मदरबोर्ड ती ओळखेलच असं नाही, त्यामुळे खरेदीआधी बोर्डाचं मॅन्युअल बघा. त्यातच आणखी एक गोष्ट सापडते: काही बोर्डांवर एम.2 स्लॉट वापरला की एखादा साटा पोर्ट बंद होतो. एसएसडी लावताच हार्ड डिस्क गायब झाली तर ती गेली असं समजू नका, केबल दुसऱ्या पोर्टात लावा.

पट्टी साधारण 30 अंशांच्या तिरकस कोनात आत सरकवा, मग खाली दाबून स्क्रू लावा. स्क्रूखालचा छोटा स्टँड पट्टीच्या लांबीइतक्या अंतरावर हवा. 2280 म्हणजे 22 मिमी रुंद, 80 मिमी लांब. हीटसिंक (उष्णता ओढून घेणारी धातूची पट्टी) असेल तर थर्मल पॅडवरची प्लास्टिकची फिल्म काढायला विसरू नका. परभणी-नांदेडच्या मे महिन्यात पारा 42-44 वर असताना, बंद खोलीत धूळ बसलेल्या कॅबिनेटमधली एनव्हीएमई मोठी कॉपी चालू असताना तापते आणि स्वतःचा वेग कमी करते. पंख्यांवरची धूळ काढणं हा त्यावरचा पहिला उपाय.

डिस्क दिसत नाही म्हणून दिसेल ते बटण दाबणं

बायोसमध्येच (मशीन सुरू होताना उघडता येणारी सेटिंगची स्क्रीन) दिसत नसेल तर केबल किंवा स्लॉट तपासा. बायोसमध्ये दिसते पण ‘धिस पीसी’मध्ये नाही, तर नवी एसएसडी डिस्क मॅनेजमेंटमध्ये इनिशियलाइज (वापरासाठी तयार) करा, जीपीटी (पार्टिशन नोंदवण्याची नवी पद्धत) निवडा आणि नवा व्हॉल्यूम बनवा. मात्र हाच इनिशियलाइजचा प्रश्न जुन्या, डेटा असलेल्या हार्ड डिस्कसाठी आला तर लगेच रद्द करा.

इंटेलच्या 11व्या पिढीच्या आणि नंतरच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये इन्स्टॉलरला एसएसडी दिसत नाही, कारण बायोसमध्ये व्हीएमडी (इंटेलची डिस्क सांभाळण्याची सेटिंग) चालू असतं. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घ्या आणि ‘लोड ड्रायव्हर’मधून द्या. विंडोज आधीच चालू असेल तर व्हीएमडी किंवा एएचसीआयची (साटा डिस्क चालवण्याची पद्धत) सेटिंग थेट बदलू नका, निळा स्क्रीन येईल. आधी विंडोज सेफ मोडमध्ये (मोजक्या ड्रायव्हरवर) सुरू होईल असं सेट करा, मग बायोसमध्ये बदल करा, एकदा सेफ मोडमध्ये उघडून परत नेहमीचं बूट ठेवा.

क्लोन करताना लाईट जाणं

क्लोनच्या, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत एसएसडीवर करण्याच्या वेळी डेस्कटॉप यूपीएसवर हवा. साधा इन्व्हर्टर लाईट गेल्यावर इतका उशिरा स्विच होऊ शकतो की मशीन रिस्टार्ट होतं. नुसत्या क्लोनमध्ये जुनी डिस्क फक्त वाचली जाते, त्यामुळे पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येतं. पण त्याच वेळी पार्टिशन सरकवणं चालू असेल तर डेटा जाऊ शकतो. कुठून कुठे हे ठरवताना ‘डिस्क 0’, ‘डिस्क 1’वर विसंबू नका, मॉडेल नंबर आणि साइज वाचा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं फीचर) चालू असेल तर रिकव्हरी की आधी कागदावर लिहून ठेवा. आणि क्लोननंतरचं पहिलं बूट फक्त एसएसडी जोडून करा.

फाइली हलवताना

डॉक्युमेंट्स फोल्डर हार्ड डिस्कवर न्यायचा तर प्रॉपर्टीजमधल्या लोकेशन टॅबमधून, आणि डी ड्राइव्हवर आधी वेगळा फोल्डर बनवून. नुसता डी ड्राइव्ह निवडला तर अख्खा ड्राइव्हच डॉक्युमेंट्स होऊन बसतो आणि ते उलटवणं त्रासाचं असतं. प्रोग्राम फाइल्स कट-पेस्ट करू नका, सॉफ्टवेअर चालणार नाहीत.

500 जीबीची एसएसडी 465 दाखवते, ती फसवणूक नाही, मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे. एसएसडी गच्च भरू नका, 15-20 टक्के मोकळी ठेवा. बाहेरचं डीफ्रॅगचं सॉफ्टवेअर तिच्यावर चालवू नका. विंडोजचं ‘ऑप्टिमाइझ’ एसएसडी ओळखून ट्रिम करतं, म्हणजे पुसलेल्या फाइलींची जागा मोकळी झाल्याचं तिला कळवतं, ते चालू राहू द्या. ट्रिम झाल्यावर पुसलेली फाइल रिकव्हरी सॉफ्टवेअरने परत मिळण्याची आशा जवळपास नसते, म्हणून हिशोबाची आणि गिऱ्हाइकांच्या कागदपत्रांची एक प्रत रोज संध्याकाळी हार्ड डिस्कवर, आणि आठवड्यातून एकदा मशीनबाहेरच्या डिस्कवर घ्या.