हैदराबादला एका दिवसासाठी येताय? मग या चुका टाळा

मी मूळचा नांदेडचा, गेली बारा वर्षं हैदराबादेत. दर सुट्टीत गावाकडून कुणाचा तरी फोन येतोच, "रात्रीच्या गाडीनं येतो, दिवसभर फिरतो, रात्रीच्या गाडीनं परत, तू फक्त बिर्याणी कुठं खायची ते सांग." मी बिर्याणीसोबत बाकीचंही सांगतो, पण ते कुणी ऐकत नाही. आपल्याकडच्या लोकांना हे शहर आपलंच वाटतं, आणि ते खोटंही नाही, १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्याच राज्यात होता आणि इथल्या दखनी उर्दूत "नक्को" ऐकलं की अर्धं घरी आल्यासारखं वाटतं. पण आपलं वाटलं म्हणून कुलपं उघडत नाहीत.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे शुक्रवारी येणं. सालारजंग म्युझियम शुक्रवारी बंद. चौमहल्ला पॅलेस शुक्रवारी बंद. मक्का मशिदीत जुम्मेकी नमाज, त्यामुळे दुपारी चारमिनारच्या आसपास पाय ठेवायला जागा नाही. माझा मावसभाऊ वहिनी, दोन पोरं आणि मावशीला घेऊन निघाला तेव्हा मी फोनवर ओरडून सांगितलं होतं, शुक्रवार नको. तर म्हणे, "अरे वीकेंडला गर्दी असते, शुक्रवारी निवांत." झाला निवांत! मावशीला सालारजंगचं ते घड्याळ परत बघायचं होतं, लहानपणी शाळेच्या सहलीत बघितलेलं, ज्यात एक छोटासा दाढीवाला बाहेर येऊन टोले मारतो. म्युझियमच्या गेटला कुलूप. मग चौमहल्ला, तिथंही कुलूप. मग भर उन्हात चाकाच्या बॅगा ओढत चारमिनार, ते पण बरोब्बर नमाजेच्या वेळेला. दीड वाजता मला फोन, "दादा, आता काय करायचं?" मी ऑफिसातून उठून गेलो तर मावशी एका दुकानाच्या पायरीवर बसलेली, पोरगं रडतंय, आणि आमचा भाऊ मोबाईलवर "जवळची प्रेक्षणीय स्थळं" शोधतोय. चारमिनारकडे पाठ करून!

तेव्हा शुक्रवार सोडून कधीही या. मी पाहुण्यांना असं नेतो: मेट्रोनं एमजीबीएसला उतरायचं (म्हणजे महात्मा गांधी बस स्टेशन, आपल्या एसट्याही तिथंच येतात, जुने लोक त्याला इम्लीबन म्हणतात), तिथून मुसी नदी ओलांडून चालत सालारजंग. दहाला उघडतं. थोडं फिरून पावणेबाराला घड्याळासमोर जागा धरायची, कारण बाराला बारा टोले. लोक एकच्या टोल्यासाठी पंधरा मिनिटं ताटकळतात, टोला पडतो एक, आणि मग एकमेकांकडे बघतात, झालं? एवढंच? नंतर मदिना, पत्थरगट्टी, गुलजार हौज करत चालतच चारमिनार. मेट्रो चारमिनारपर्यंत जात नाही आणि गाडीही अगदी पायथ्याशी जाऊ देत नाहीत, म्हणून रिक्षावाल्याशी भांडू नका.

दुसरी चूक, गोवळकोंडा आणि चारमिनार एकाच दिवशी कोंबणं. नकाशावर दहा-अकरा किलोमीटर दिसतं, पण ट्रॅफिक नकाशात दिसत नाही. वर किल्ला म्हणजे साडेतीनशेच्या वर पायऱ्या. ज्या किल्ल्यासाठी औरंगजेबाला १६८७ साली आठ महिने बसावं लागलं तो तुम्ही जेवण करून दीड तासात उरकणार? खाली दरवाजात वाजवलेली टाळी वरपर्यंत ऐकू येते म्हणतात, तेवढ्या टाळ्या वाजवून परत येतात लोक. दोन्हीपैकी एक निवडा. माझं विचाराल तर पहिल्या वेळी जुनं शहर, कारण खाणं तिकडं आहे.

आता बिर्याणी. चार माणसं, चार "सिंगल", ही ऑर्डर मी इतक्या वेळा ऐकलीय की वेटरच्या आधी मलाच कसंतरी होतं. बहुतेक ठिकाणी एक सिंगल दोघांना पुरते. आधी दोन सांगा, लागली तर अजून मागवा. आणि ताट आल्या आल्या "मसालाच नाही यात" असं म्हणून सालन (सोबत येणारा पातळ रस्सा) ओतू नका. ही कच्च्या गोश्तची बिर्याणी, म्हणजे खाली मसाल्यात मुरवलेलं कच्चं मटण, वर अर्धवट शिजलेला भात, आणि सगळं मिळून दमावर, म्हणजे झाकण बंद करून मंद आचेवर. वरचा भात पांढराच असणार. चमचा कडेनं तळापर्यंत घाला, पांढरा, केशरी आणि मसाल्याचा असे तिन्ही थर एका घासात घ्या, सालन बाजूला थोडं थोडं. आमच्या भावानं सालनाची अख्खी वाटी उपडी केली आणि मग म्हणतो, आपल्याकडच्यासारखीच लागते.

हलीम (गहू, डाळी आणि मटण घोटून केलेली) रमजानमध्ये खायची, दिवाळीच्या सुट्टीत येऊन शोधत फिरू नका, कुठं मिळालीच तर त्या मोठ्या भट्ट्यांची मजा नसते.

शाकाहारी असाल तर सकाळी लवकर चारमिनारच्या मागच्या गल्ल्यांत गाड्यांवर बटर डोसा मिळतो. उठायचा कंटाळा असेल तर मग उपम्याला नावं ठेवू नका.

इराणी चहात "आलं घाला, साखर कमी" सांगू नका. तो तुमच्या कपापुरता उकळत नाहीत, चहाचं डिकॉक्शन वेगळं दमावर असतं, आटवलेलं दूध वेगळं, दोन्ही कपात येऊन भेटतात. सोबत उस्मानिया बिस्किट, बुडवून, पण दोन सेकंदांच्या वर नाही.

आणि चारमिनारजवळच्या लाड बाजारात लाखेच्या बांगड्या घ्यायच्या तर मापाची जुनी बांगडी घरून आणा. हाताच्या फोटोवरून माप कळत नाही, हे त्या दुकानदारानं आमच्या वहिनीला तीन वेळा सांगितलं, तरी ती नणंदेचा झूम करून दाखवतच होती.